सुभेदार की ठमाबाई

मंडळी, आमच्या दुकानात चोर शिरणं अशक्य आहे, हे मी ठासून सांगतो. चोरच काय, सख्खा भाऊसुद्धा शिरू शकत नाही! ते कसं, तेच सांगायला बसलोय.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एक टेबल, एक भिंग, भिंतीवर आपापली वेगळी वेळ दाखवणारी घड्याळं आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. हल्ली गिऱ्हाईक आधी घड्याळाचा फोटो पाठवतं, मी दुखणं ओळखतो, मग रुग्ण कुरियरने येतो. सगळा धंदा त्या कॉम्प्युटरवर. तो कुणी बळकावला, तर माझ्या हातात फक्त चिमटा उरेल.

म्हणून व्यापारी मंडळाने ‘ऑनलाइन चोरांपासून दुकान कसं वाचवाल?’ असं व्याख्यान ठेवलं, तेव्हा मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मला मुळातच रसाळ निरूपणाचा नाद, आणि हा संगणकवाला तर काय रंगला! एकेक दृष्टांत असा, की मी नकळत मांडीवर ताल धरला. शेजारचा बेकरीवाला पेंगत होता, त्याला कोपराने ढोसून जागं केलं. शेवटी वक्त्याने चोराची लक्षणं सांगितली. नंबर नवा असतो, नातं जवळचं सांगतो, घाई करतो आणि पासवर्ड मागतो. उपाय एकच. ज्याचं उत्तर फक्त घरच्यालाच ठाऊक, असा प्रश्न विचारायचा. माझा तर ऊर भरून आला. असं काही ऐकलं की ते आचरणात आणल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आल्या आल्या जुना पासवर्ड बदलून मालगाडीएवढा लांब नवा ठेवला. सौ. म्हणाली, मलाही सांगून ठेवा, ऑर्डरी मीच बघते ना. मी म्हटलं, “तू तूच आहेस कशावरून?”

ती हातात लाटणं घेऊन समोरच उभी होती. पटलं मला.

त्याच आठवड्यात भर दुपारी, एका कोकिळाघड्याळाची आतडी टेबलावर मांडून बसलो असताना फोनवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला. “छोट्या, मी दादा. नंबर बदललाय. दुकानाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तोच आहे का? नवा पत्ता पाठव. संध्याकाळी निघतोय, वेळ नाही.”

नवा नंबर, जवळचं नातं, घाई, पासवर्ड! इतका शास्त्रशुद्ध चोर व्याख्यात्यालासुद्धा भेटला नसेल. मला छोट्या म्हणतात हेही शोधून काढलेलं. मनातल्या मनात मी त्याच्या अभ्यासाला दाद दिली.

आता दादाबद्दल सांगायला हवं. हे दुकान आम्ही दोघांनी मिळून काढलेलं. पुढे जागा बदलण्यावरून शब्दाला शब्द वाढला, मी नव्या गल्लीत आलो आणि दादाशी बोलणं तुटलं. वर्षं गेली. तोही अडून बसला, मीही. हा हट्टीपणा आमच्यात पहिल्यापासून. लहानपणी घरात एक मांजर आलं. त्याच्या मिशांचा रुबाब बघून मी नाव ठेवलं सुभेदार. चाल बघून दादाने ठेवलं ठमाबाई. दुधाची बशी ठेवून दोघं दोन नावांनी हाका मारायचो आणि मांजर दोघांकडेही ढुंकून न बघता दूध पिऊन जायचं. पुढे त्याने वडिलांच्या हत्यारांच्या खणात पिल्लं घातली. खरं कोण हे साऱ्या आळीला कळलं. मी म्हणालो, सुभेदाराने दत्तक घेतली असतील.

तर प्रश्न तयारच होता. मी लिहिलं, “आपल्या मांजराचं नाव काय?”

उत्तर यायला बराच वेळ लागला. टाइप होतंय, थांबतंय, पुन्हा टाइप होतंय. मग एकच शब्द आला. “सुभेदार.”

मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालो. दादा आणि सुभेदार म्हणणार? हिमालय वाकेल, दादा वाकणार नाही! “चोरा, अभ्यास कच्चा राहिला,” असं ठणकावून मी नंबर ब्लॉक केला. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तो नंबर व्यापारी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर लाल अक्षरात सावधानतेचा इशारा. टाळ्यांचा पाऊस पडला. बेकरीवाल्याने तर मला हात जोडलेले पाठवले.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला, सौ.ला. ती ऐकत गेली आणि माझ्याकडे बघत गेली. ते बघणं मला काही ठीक वाटलं नाही.

दादा-वहिनी मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते, फार लांब. जाण्याआधी दादाला घटकाभर दुकानात बसायचं होतं. आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये आईच्या आवाजातलं एक गाणं आहे, कणीक मळताना म्हटलेलं. दादानेच कधीतरी भरून ठेवलेलं. ते त्याला हवं होतं. माझं उत्तर आल्यावर त्याने पत्ता विचारायला जुन्या ओळखीच्या बेकरीवाल्याला फोन केला. बेकरीवाल्याने ग्रुपवरचा नंबर ओळखून पोलिसांत देण्याची धमकी दिली. दादा आधी हसला म्हणे. मग सामान उचलून सरळ गाडीत जाऊन बसला.

“आणि भावजी काय म्हणाले माहितेय?” सौ. म्हणाली. “छोट्याला सुभेदार हवा होता ना, म्हणून तेच लिहिलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी जातोय, त्याचंच खरं होऊ दे.”

कोकिळाघड्याळ टेबलावर तसंच उघडं पडलं होतं. मी मालगाडीएवढा पासवर्ड टाइप केला, दोनदा चुकला, डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसत नव्हती. गाणं सापडलं. आई मध्येच थांबून कुणाला तरी पीठ सांडू नका म्हणते. तो मी की दादा, देव जाणे. सौ.च्या फोनवरून वहिनींना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की ते ऐकतायत, खिडकीकडे तोंड करून.

मग मी दादाचा नंबर मोकळा केला. ग्रुपवर माफी मागितली, तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आणि आयुष्यात जे लिहिलं नव्हतं ते लिहिलं. “दादा, चुकलो. ती ठमाबाईच होती. पिल्लंही तिचीच.”

बराच वेळ टाइप होतंय, थांबतंय, पुन्हा टाइप होतंय. मग उत्तर आलं.

“आमचा छोट्या हे जन्मात कबूल करणार नाही. चोरा, तुझाही अभ्यास कच्चाच.”

मी घाईघाईने पुढचं लिहिलं. ते काही पोचेना. दादाने मला ब्लॉक केलं होतं.

थट्टा केली की खरंच, ते अजून कळलेलं नाही. वहिनींना विचारायचा धीर होत नाही. दुकान मात्र, मंडळी, एकदम सुरक्षित आहे.