माइकवाले धर्मराज आणि त्यांचा मेंदू

आष्टीतल्या एका लग्नात धर्मराजांनी मेलेल्या माणसाचं स्वागत केलं, आणि तेही तीनदा.

"वडीगोद्रीहून आलेले माऊलीराव यांचं मंडपात मनःपूर्वक स्वागत! माऊलीराव, पुढं या, सोफ्यावर बसा!" माऊलीरावांनी पुढं येणं कठीण होतं. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता आणि त्यांच्या तेराव्याला धर्मराज स्वतः दोनदा वाढून घेऊन जेवले होते. समोर उभा होता तो त्यांचा मुलगा सोमेश्वर. चेहरा हुबेहूब बापाचा, म्हणून धर्मराजांना नावही बापाचंच आठवलं. तिसऱ्या पुकाऱ्याला सोमेश्वरनं डोळ्यांना रुमाल लावला, तेव्हा धर्मराज माइकवरून म्हणाले, "लाजायचं काय त्यात? आपलंच घर समजा."

आमच्याकडे लग्नाला माणसं अक्षता टाकायला येतात हा एक गोड गैरसमज आहे. ती येतात कर्ण्यावर आपलं नाव ऐकायला. नाव पुकारलं नाही तर पाहुणा जेवतो, पण पुढच्या पिढीला सांगून ठेवतो. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या धर्मराजांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला घडलेला होता, आणि परतूर-मंठा पट्ट्यातल्या प्रत्येकाला ते त्याच्या थांब्यासकट ओळखत. रिटायर झाल्यावर माइक आपसूकच त्यांच्या हाती आला. तो हातात असला की ते धर्मराजसाहेब होते. तो नसला तर ते पंगतीत जागा शोधणारं एक म्हातारं होते, आणि हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं.

माऊलीरावांच्या प्रकारानंतर गावातले सर्जेराव घरी आले. त्यांच्या मुलाचं, हरिओमचं लग्न तीन महिन्यांवर होतं.

"धर्मराज, एक चान्स देऊन राह्यलो तुम्हाला. पुन्हा मेलेलं माणूस उठवलं तर माइक कल्याणकडं. त्यो मोबाइलमधी बघून वाचतो, पण जित्या माणसांची तरी नावं वाचतो."

त्या रात्री धर्मराज जेवले नाहीत. सकाळी त्यांनी संभाजीनगरला फिजिओथेरपी शिकणाऱ्या नातीला, आकांक्षाला फोन लावून सगळं सांगितलं.

"आबा, रोज पाऊण तास जोरात चाला. व्यायामानं मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, आठवण ठेवणारा भाग ताजा राहतो."

"पण मला काय झालंय? ना शुगर, ना बीपी."

"धडधाकट माणसाच्या मेंदूलाबी फायदा होतो, आबा. आजारी पडायची वाट कशाला बघायची?"

हे त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी ऐकलं. त्या पहाटेपासून झाडून, सडा टाकून, दोन म्हशींचं शेण काढून, शेतात जाऊन आल्या होत्या. "मंग माझा मेंदू केवढा झाला असंल?" त्यांनी विचारलं. धर्मराजांनी त्यांना समजावलं की त्याला काम म्हणतात, व्यायाम वेगळा, त्याला बूट लागतात.

बूट आले. धर्मराज परतूर रस्त्याला लागले आणि पहिल्याच दिवशी कळलं, की कारण नसताना चालणं हा आपल्या तालुक्यात गुन्हा आहे. दर दोन मिनिटांनी एक मोटारसायकल थांबे. "बसा की!" नाही म्हटलं तर माणूस दुखावला जाई, आणि व्यायाम करतोय म्हटलं तर घाबरे. दोन दिवसांत गावात धर्मराजांना शुगर निघाली, चौथ्या दिवशी हार्टचा झटका येऊन गेला आणि आठवड्याच्या आत बेबीनंदा, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शहाळी घेऊन मंठ्याहून रडत आली. भेटायला येणाऱ्यांसाठी नंदाबाईंनी दिवसाला चार-चार लिटर दुधाचा चहा केला. धर्मराज मात्र चालत राहिले. माइकसाठी माणूस काय करणार नाही!

आणि सांगायला वाईट वाटतं, पण व्यायामाचा गुण आला. आधी चष्मा सापडायला लागला. मग लोकांचे फोन नंबर पाठ झाले. दुसऱ्या महिन्यात ते जेवता जेवता मध्येच थांबून म्हणाले, "नंदे, एकोणनव्वद साली तुझ्या भावानं माझी छत्री नेल्ती. काळी, लाकडी दांड्याची."

"त्याला जाऊन बारा वर्सं झाली हो."

"छत्री कुठंय मंग?"

नंदाबाई म्हणाल्या, "बास करा आता ते चालणं." पण ज्याचं डोकं नव्यानं चालायला लागतं, तो बायकोचं ऐकत नसतो.

हरिओमच्या लग्नात धर्मराज हातात कागदाचा चिटोराही न घेता माइकसमोर उभे राहिले. साउंडवाला सलीम हळूच म्हणाला, "चाचा, लिस्ट देऊ क्या?" धर्मराजांनी कपाळावर बोट ठेवलं. पहिली वीस नावं वडिलांच्या नावासह, गावासह, हुद्द्यासह निघाली. मंडपात टाळ्या पडल्या. सर्जेरावांनी लांबून अंगठा दाखवला. तिथंच थांबले असते तर पुतळा उभारला असता लोकांनी.

पण तीन महिने रक्तपुरवठा झालेला मेंदू तो! "परतूरचे ठेकेदार विक्रमराव यांचं स्वागत! यांनी पंधरा वर्षांचं पोरगं दहा वर्षांचं सांगून माझ्या गाडीत हाफ तिकीट काढलं होतं. आज तेच पोरगं इंजिनिअर आहे, त्याचंही स्वागत!" लोक हसले. धर्मराजांना जोर चढला. "मंठ्याच्या दुर्गाबाई, या, पुढं बसा! यांच्या भाचीचं स्थळ आधी आपल्या हरिओमलाच आल्तं. बोलणी पोरीच्या उंचीपायी मोडली. पण मन किती मोठं, तरी आल्या!" दुर्गाबाई उंचीचा विषय निघाल्यावर होत्या तेवढ्याही उंच राहिल्या नाहीत, खुर्चीत खचल्या. नवरी मुंडावळ्या बाजूला सारून हरिओमकडे बघू लागली.

"बंद करू क्या, चाचा?" सलीमनं विचारलं. तोवर नवरीचे मामा मंडपात शिरले होते.

"आणि हे नवरीचे मामा! यांना कोण विसरंल? दोन हजार चारला चुलतभावाच्या लग्नात जिलबी कमी पडली म्हणून हे रुसून, मंडपाचा दोर कापून गेल्ते!"

मामा जागच्या जागी वळले आणि जाऊन गाडीत बसले. आता मामांशिवाय नवरीच्या पाठीशी उभं कोण राहणार? भटजींनी मंगलाष्टकं रोखून धरली. मुहूर्ताला दहाच मिनिटं राहिली. सर्जेराव धावत आले, "अवो, माफी मागा! माइकवरनंच मागा, त्यांना ऐकू जाईल असं!"

धर्मराजांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी घसा साफ केला. "मामासाहेब, माझं चुकलं. माफ करा. जिलबी न्हाई, तवा तुम्ही बासुंदीवरून रुसल्ता. जिलबीवरून रुसला ते दोन हजार नऊला."

सलीमनं वायरच उपटली.

पुढचा पाऊण तास सगळे सोयरे गाडीच्या काचेवर टकटक करत होते. मुहूर्त गेला. लग्न लागलं, पण भटजींनी दुसरा मुहूर्त शोधल्यावर, आणि माइक कल्याणच्या हातात गेल्यावर. कल्याणनं मोबाइलमध्ये बघून मंठ्याच्या माणसाला परतूरचा केलं, एका विधुराला सपत्नीक बसवलं आणि दोन सख्ख्या भावांची एकमेकांशी ओळख करून दिली. कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे खूष होते. धर्मराज मागच्या पंगतीत, पाण्याच्या ड्रमशेजारी बसून जेवले. कुणी वाढायला थांबलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मठ्ठा मागून घ्यावा लागला.

पंधरा दिवसांनी शेजारचे उत्तमराव लग्नपत्रिका घेऊन आले. दोन्ही घरांत एकच भिंत, चाळीस वर्षांचा शेजार.

"पोरीचं लगीन ठरलंय. माइक तुम्हीच धरा," ते म्हणाले.

धर्मराजांनी विचारलं, "अन् कल्याण?"

"त्याच्या आवाजाला काय धार न्हाई. अर्धे पाव्हणे आपलं नाव झालं का विचारत फिरतात. आवाज तुमचाच पायजे." उत्तमरावांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "फकस्त डोकं नको. आमच्या घरचं तुम्हाला समदं म्हाईत हाय. थोरल्याचं, जमिनीचं, ते औरंगाबादच्या बाईचं... ध्यानात हाय का तुमच्या?"

धर्मराजांच्या ध्यानात सगळं होतं, तारीखवार. बाईचं नाव होतं, तिचा थांबा होता, आणि उत्तमरावांनी काढलेली दोन तिकिटंही होती. तीन महिने घाम गाळून कमावलेला मेंदू एका बाजूला होता, माइक दुसऱ्या बाजूला. विचार करायला त्यांना एक श्वास पुरला.

त्यांनी पत्रिका हातात घेतली, चष्म्यातून उत्तमरावांकडे नीट निरखून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बरं, आपण कोण म्हणालात?"

उत्तमरावांचा चेहरा खुलला. त्यांनी धर्मराजांना कडकडून मिठी मारली.