पितळी डबा सातासमुद्रांवरून माघारी आला त्याची हकीकत

प्रथम तराजूस नमन, मग पावतीस, मग दार वाजवून सही मागणाऱ्या त्या घाईच्या दूतास, ज्याच्यावाचून या राज्यात सुईदेखील इकडची तिकडे होत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण शुद्ध पंचमी, ते दिवशी तांबट आळीतून जो ऐवज परदेशी रवाना जाहला त्याची मोजदाद येणेप्रमाणे: पितळी मिसळणाचा डबा, हाताने ठोकलेला, एक, वरील झाकण एक, आतील झाकण एक, वाट्या सात, चमचा एक, एकूण नग अकरा, वजन दोन हजार एकशे चाळीस ग्रॅम. खेरीज मधल्या वाटीत साखर, तीन बोटांची चिमूट एक, ग्रॅम तीन. का की तांबट आळीत नवे भांडे रिकामे घराबाहेर देत नाहीत. मिळोन दोन हजार एकशे त्रेचाळीस. खोक्याचे वजन वेगळे, ते येथे धरिले नाही.

डब्याची धनीण सुगंधाबाई तांबट. पती दिगंबरराव ठोके मारण्यात असे निष्णात की डोळे मिटून हातोडा चालवावा आणि पितळेवर एकास एक लागून ठसे उमटावेत, परंतु विकण्यात असे की गिऱ्हाइकाने भाव पुसला तर लाजून आत जावे आणि गिऱ्हाईक निघून गेले की नाही हे फटीतून पाहावे. सबब विक्रीचा कारभार बाईंनी आपल्या हाती घेतला आणि अदृश्य पेठेत दुकान मांडिले. ही पेठ कोठे आहे हे कोणी पाहिले नाही. तीस रस्ता नाही, ओटा नाही, धनी आहे म्हणतात परंतु त्याचा आवाज कोणी ऐकिला नाही. मोबाइलच्या काचेत बोट लाविले की दरवाजा उघडतो आणि दूरदूरच्या मुलखांतील माणसे येऊन भांडी पाहून जातात, तारका देतात, कोणी उगाच भांडूनही जातात. बाईंचे दुकान बरे चालिले होते. परंतु दीर मनोहरराव यांची नजर भट्टीच्या जागेवर होती. ते दर आदितवारी येऊन चहा घेत आणि म्हणत, "वहिनी, या ठोकाठोकीत काही राहिलं नाही बघा. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा मागतोय. भाडं रोख देतो. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दुकान नीट चालताना दिसलं नाही, तर मी त्याला होकार देणार. जागा दोघा भावांची आहे." त्यावर दिगंबरराव आत जात, आणि बाई म्हणत, "पाडव्याला या भावोजी, ओवाळायला ताट घासून ठेवते. तुमच्याच भावानं ठोकलेलं." ऐसा करार तोंडी जाहला.

तो काय, भाद्रपदात पेठेकडून खलिता आला की, डबा गिऱ्हाइकास पसंत पडला नाही, माघारी येत आहे. आणि पेठेचा कायदा ऐसा की, जो माल गेला तोच माल तितक्याच वजनाचा, जकातीच्या मोहरेनिशी, पेठेच्या काट्यावर येऊन पडेतोपर्यंत दुकानास कुलूप. एका ग्रॅमाचीही तफावत चालणार नाही. मग बाईंनी खलित्यास उत्तर लिहिले की, बाबा रे, चूक माझी नाही, डबा बावीस सेंटिमीटर आहे हे मी फोटोखाली लिहिले होते. त्यावर पेठेने उत्तर दिले की आपले म्हणणे आमच्यासाठी मोलाचे आहे. मग बाईंनी पुन्हा लिहिले, आणि पेठेने पुन्हा तेच उत्तर अक्षराचा फरक न करिता दिले. तेव्हा बाईंनी ओळखिले की पलीकडे माणूस नाही, आणि लिहिणे सोडिले.

डबा समुद्र ओलांडून राजधानीच्या जकातचौकीत आला, जीस सांप्रत कस्टम म्हणतात, आणि तेथे अडला. मग बाई एसटीत बसून राजधानीस गेल्या. चौकीचे मुख्य गायधनीसाहेब. गृहस्थ कायद्यास पक्के, मधुमेहाने त्रस्त, चहा बिनसाखरेचा घेत आणि जगही तसेच असावे ऐसे त्यांचे मत. त्यांच्यासमोर डबा ठेविला होता आणि बाजूस एक कारकून पेन चावीत उभा होता.

साहेब बोलिले, "हा माल परदेशी आहे. जकात भरा."

बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या आळीतला आहे साहेब. बुडाला नवऱ्याची खूण आहे, उलटा करून बघा."

"खूण कोणीही ठोकेल. आपलाच माल माघारी आला तर जकात नाही, हे मलाही माहीत आहे. पण हा तोच कशावरून? गेला तेव्हा एकवीसशे त्रेचाळीस ग्रॅम, आला तेव्हा तेवीसशे पंच्याऐंशी. परदेशात जाऊन पितळ वाढतं का?"

कारकून बोलिला, "साहेब, तिकडची हवा मानवते काहींना."

"तू गप रे."

मग झाकण काढिले आणि आतील झाकण काढिले, तो साती वाट्या पांढऱ्या पुडीने भरलेल्या, काठोकाठ नव्हे परंतु समान, जणू कोणी मोजून भरल्या. ते पाहताच मंडळी दोन पावले मागे सरली, एकाने नाकास रुमाल लाविला, एकाने दुसऱ्याचा रुमाल घेऊन लाविला, आणि साहेबांनी अत्यंत हळू आवाजात पुसिले, "बाई, हे काय आहे?"

सुगंधाबाईंस भट्टी दिसली, तीवर रंगीबेरंगी कव्हरे टांगलेली दिसली, आणि आपण बेड्या घालून एसटीत बसलो आहो ऐसेही दिसले. परंतु बाई धीराची. त्यांनी मोबाइल काढिला आणि गिऱ्हाइकास, म्हणजे हिराताई शेलार यांस, ज्या लग्न होऊन थंडीच्या मुलखी नांदतात, चित्राचा फोन लाविला. तिकडे पहाट होती. हिराताई कानटोपी घालून काचेत प्रकटल्या आणि म्हणाल्या, "अगं सुगंधा! पोचला का डबा? सुरेख आहे हो, पण फोटोत केवढा दिसत होता! ताटाएवढा. प्रत्यक्षात आमच्या चौघांच्या फोडणीची मोहरी मावेना त्यात."

"ताई, ते राहू द्या. वाट्यांत काय घातलंत?"

"साखर. मिक्सरमधनं काढून घातली, म्हटलं वाटेत खुळखुळायला नको."

"पण कशाला?"

"कशाला म्हणजे? तू चिमूटभर घालून पाठवलीस, आणि मी मेली रिकामं भांडं परत करू? डबा परत करतेय, रीत नाही परत करत."

साहेब पुढे वाकून बोलिले, "बाई, तुम्हाला कायदा कळतो का?"

"कोण हे?"

"मी इथला अधिकारी."

"बरं झालं भेटलात. तुम्हाला आई आहे का हो?"

"आहे. तिचा इथे काय संबंध?"

"मग घरी गेलात की तिला विचारा, भांडं रिकामं परत देतात का. आणि सुगंधा, साखर मुंग्यांच्या आधी काढून घे गं." इतके बोलून हिराताई काचेतून अंतर्धान पावल्या.

कारकुनाने बोट पुढे करून पुसिले, "साहेब, चाखून बघू का?"

"चाखून मेलास तर कोणत्या सदरात दाखवू?"

म्हणोन दर वाटीतील थोडी थोडी मिळोन पाच ग्रॅम पूड सरकारी प्रयोगशाळेत रवाना केली आणि बाईंस घरी पाठविले. आश्विन लागला, नवरात्र बसले आणि उठले, दसऱ्यास आळीत सोने वाटले, मनोहरराव येऊन कव्हरवाल्याकडील मोजपट्टी दाखवून गेले, आणि दिगंबरराव भट्टीपाशी बसून एकाच पत्र्यावर ठोके मारीत राहिले, तो पत्रा कागदासारखा पातळ जाहला. बाईंनी हिराताईंस मनोमन नको नको ते म्हटले, मग आपल्या चिमटीस म्हटले, मग सासूबाईंस म्हटले, ज्यांनी ही रीत लाविली आणि आता वरून मजा पाहत होत्या.

अखेर धनत्रयोदशीस सकाळी चौकीतून बोलावणे आले. बाई पोहोचल्या, तो प्रयोगशाळेचा जबाब टेबलावर: पदार्थ साखर, शुद्ध, खाण्यास योग्य. बाईंनी हात जोडिले. परंतु साहेब बोलिले, "इतक्यात जोडू नका. पांढरी पूड होती तोवर निराळं होतं. आता ती साखर ठरली, म्हणजे परदेशातून आलेला खाद्यपदार्थ ठरला. त्याला अन्नखात्याचा परवाना लागतो. तुमच्याकडे आहे?"

"साहेब, परवाना कुठून आणू? मी तर मागवलीही नव्हती."

"मग दोन वाटा. साखर आली तिथे परत पाठवायची, नाहीतर पंचांसमक्ष नष्ट करायची."

बाई म्हणाल्या, "परत नको हो! हिराताई दुप्पट घालून पाठवतील."

हे सर्वांस पटले. मग नष्ट कशी करावी याची मसलत बसली. एक म्हणाला मोरीत ओता. तेव्हा झाडणारी बाई कमरेवर हात ठेवून बोलिली की, मागे जप्तीचा गूळ ओतलात, त्याच्या मुंग्या अजून माझ्या पायाला चावतात, खबरदार. एक म्हणाला जाळा. तेव्हा कारकून म्हणाला की जाळली तर पाक होईल, तोही खाद्यपदार्थच. तेवढ्यात चहावाला किटली घेऊन आत आला, आणि त्याने काही एक न विचारता पेले मांडिले, आणि सर्वांची नजर आधी किटलीकडे गेली, मग डब्याकडे, मग साहेबांकडे.

साहेब म्हणाले, "नियमात कसं नष्ट करायचं हे लिहिलेलं नाही."

ऐसा हुकूम होताच साती वाट्या किटलीत उपड्या केल्या आणि वाट्या बोटाने पुसून घेतल्या. चहा ऐसा गोड जाहला की ओठ मिटले तर सुटेनात. पंचांनी कर्तव्य म्हणोन दोनदोन पेले घेतले, झाडणाऱ्या बाईने तीन घेतले, सुगंधाबाईंसही एक दिला. साहेबांस चालत नाही. परंतु साहेबांचा हात लागल्याखेरीज पंचनामा पुरा होत नाही, म्हणोन त्यांच्या वाट्याची साखर थोडीशी कागदावर वेगळी काढून त्यांच्यापुढे ठेविली होती. ती तशीच राहिली.

मग डबा पुसून काट्यावर ठेविला. दोन हजार एकशे चाळीस. साहेब बोलिले, "माल तुमचाच. जकात माफ. मोहर लावून देतो."

येथे बाईंच्या तोंडचा गोड चहा कडू जाहला. जाताना त्रेचाळीस, आता चाळीस. ते तीन ग्रॅम म्हणजे आपलीच साखर, हे त्यांनी तत्काळ ताडिले. मोहर लागली की पेठेच्या काट्यापर्यंत खोका कोणी उघडू शकत नाही, आणि पेठेस सांगावे तर पलीकडे माणूस नाही. त्या गहिवरून बोलिल्या, "साहेब, पेठ ग्रॅमाचीही सूट देत नाही. चिमूटभर साखर मधल्या वाटीत घालू द्या. गेला तेव्हा होती हो."

साहेब म्हणाले, "मालात काही घालणं म्हणजे फेरफार. मी उभा असताना तर नाहीच."

"माझं दुकान बसेल. भट्टी जाईल साहेब. पाडव्याला कव्हरवाला येतोय."

"कायदा माझ्या घरचा नाही, बाई."

ऐसे म्हणोन त्यांनी डबा खोक्यात ठेविला, गवत दाबिले, मोहरेची फीत हाती घेतली, आणि थांबले. फीत बोटास चिकटली, ती सोडविली, पुन्हा थांबले. मग कोणाकडे न पाहता बोलिले, "आईला विचारलं मी."

बाईंनी पुसिले, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मेल्या, कुणाचा डबा अडवून बसलायस?" आणि साहेबांनी गवत दूर केले, दोन्ही झाकणे काढिली, पुढ्यातील कागदावरची आपल्या वाट्याची साखर तीन बोटांत घेतली आणि मधल्या वाटीत सोडिली. मग झाकणे लाविली. "हे मालात घातलेलं नाही. माल वेगळा, रीत वेगळी. रिकामं कसं द्यायचं?"

कारकून म्हणाला, "साहेब, पण पंचनाम्यात सगळी नष्ट लिहिलीय."

"तू काही पाहिलंस?"

"नाही साहेब. मी चहात होतो."

मग मोहर लागली, आणि बाई खोका पोटाशी धरोन निघाल्या. चिमटीत किती मावले हे त्यांनी पुसले नाही आणि साहेबांनी सांगितले नाही. बोटे कोणाची जाड, कोणाची बारीक, आणि साखर मिक्सरमधून काढिलेली. पेठेचा काटा चार गल्ल्या पलीकडे एका बोळात आहे. तेथे माणूस नाही, एक लोखंडी पाट आणि वर एक काच. बाई पाटापाशी आल्या, तो मनोहररावांचा फोन वाजला. "वहिनी, तो कव्हरवाला आजच आलाय, मुहूर्त आहे म्हणतो. काय सांगू त्याला?"

"चहा पाजा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेविला.

येणेप्रमाणे डबा गेला, आला, अडला, सुटला. नग अकरा गेले, अकरा आले. साखर दोनशे पंचेचाळीस ग्रॅम आली, पैकी पाच प्रयोगशाळेत राहिली, बाकीची चहात गेली, साहेबांचा वाटा खेरीजकरून. मग बाईंनी खोका पाटावर ठेविला आणि हात काढून घेतला. आकडे काही वेळ हालले, मग स्थिर जाहले. खोका वजा जाता वजन दोन हजार एकशे त्रेचाळीस ग्रॅम.