सगळ्यांत जास्त खपलेला पिवळा

"चार दिवसांत जोडून देतो," असं सीवर्टने आईला सांगितलं, तेव्हा त्याने हातातला कॉफीचा कपसुद्धा खाली ठेवला नव्हता. इतका आत्मविश्वास! गल्ल्यावरचं मशीन आणि नवं ऑनलाइन दुकान, दोन्हींची गाठ मारून द्यायची, की काम फत्ते. इथे नॉर्वेतल्या फ्लोरो गावात कुणी निळ्या लोकरीचा गुंडा घेतला, की तिकडे वेबसाइटवरचा एक निळा गुंडा आपोआप कमी. एखादा रंग संपत आला, की लोकरीच्या गिरणीला मागणीही आपोआप. माणसाने नुसतं बसून विणायचं!

"मी एरवीही तेच करते," बोर्गहिल्डबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वेटरची पुढची ओळ सुरू केली.

बाईंना जानेवारीत सत्तर पूर्ण झाली होती. वाढदिवसाचा केक कापता कापताच त्यांनी जाहीर केलं होतं, की आता पुरे. ईस्टरनंतर एकतर लोकरीचं दुकान सीवर्ट चालवेल, नाहीतर शेजारचा मासेमारीचे गळ-दोर विकणारा ते विकत घेईल. सीवर्टने त्याच आठवड्यात बर्गनच्या विमा कचेरीतली नोकरी सोडली आणि अडतिसाव्या वर्षी सामानसुमान घेऊन आईकडे आला. बाईंनी अट एकच घातली. ईस्टरपर्यंत एकही गिऱ्हाईक नाराज व्हायचं नाही, मग दुकान तुझं. सीवर्ट हसला होता. गिऱ्हाइकं नाराज कशाला होतील?

खरं सांगायचं तर जोडणी त्याने चार दिवसांतच केली. त्याआधी दोन दिवस फडताळांसमोर उकिडवा बसून एकूण एक गुंडा मोजला आणि मशीनमध्ये भरला. एवढं सगळं केलं या पठ्ठ्याने! फक्त आई गल्ल्यावर बसून नेमकं काय करते, ते काही पाच मिनिटं उभं राहून पाहिलं नाही.

ईस्टर जवळ आला होता. सुट्टीचे चार दिवस डोंगरातल्या केबिनमध्ये बसून विणायचं, तर लोकर आधीच घेऊन ठेवायला हवी, म्हणून दुकानात बायकांची झुंबड होती. वेबसाइटवरही मागण्या यायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात सतरा जणींनी गडद निळा मागवला. सीवर्ट शीळ घालत पार्सलं बांधायला गेला. कॉम्प्युटर सांगत होता, गडद निळे बेचाळीस. फडताळात पाहतो तर एकही नाही!

त्याने पुन्हा पाहिलं. खाली, वर, खिडकीत, संडासात. मग त्याची खात्रीच पटली, की दुकानात चोर शिरलाय.

"फ्लोरोत चोर?" बाईंनी विचारलं. "आणि तो फक्त निळी लोकर नेतो?"

चोर सापडेल तेव्हा सापडेल. पण सतरा बायका नाराज होऊन चालणार नव्हतं. गावात कुणी कुणी गडद निळा नेलाय, ते आईच्या तोंडपाठ होतं. तेव्हा न उघडलेले गुंडे परत मागायला तो घरोघर निघाला.

आता या गावात दारात उभं राहून काही मागता येत नाही. आधी आत जायचं, बूट काढायचे, कॉफी घ्यायची, मुरंबा घालून साच्यात भाजलेलं वाफल खायचं, वारा किती सुटलाय ते बोलायचं, दुसरं वाफल खायचं, आणि मग कुठे जाता जाता सहज आठवल्यासारखं विचारायचं. पहिल्या दिवशी सात घरं झाली. चौदा वाफलं पोटात आणि एकोणीस गुंडे पिशवीत. दुसऱ्या दिवशी वाफलाच्या साच्याचा वास आला तरी त्याला मळमळायला लागलं. तुरीदकाकूंनी तर अर्धी बाही विणून टाकली होती. त्यांनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि ती बाही उसवायला घेतली. सीवर्टला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की तिसरं वाफल त्याने स्वतःहून मागून घेतलं.

सतरा पार्सलं गेली. हुश्श करून तो खुर्चीत टेकतोय, तोच दुकानासमोर ट्रक थांबला. ड्रायव्हरने एकामागून एक तीस खोकी आत आणली. सीवर्टने पहिलं उघडलं. पिवळी लोकर! आणि पिवळी म्हणजे साधीसुधी नाही, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत दिसते तसली पिवळी. दुसरं खोकं, तेही पिवळं. सहाशे गुंडे, एकाच रंगाचे!

एवढ्यात गिरणीतून आर्विड नावाच्या माणसाचा फोन आला. तो मनापासून आभार मानत होता. हा रंग दहा वर्षं त्यांच्या कोठारात पडून होता म्हणे, अख्ख्या नॉर्वेत कुणी हात लावत नव्हतं. आणि परत घेण्याचं म्हणाल, तर ती जागा त्यांनी सकाळीच झाडूनपुसून दुसऱ्या मालाला दिली होती.

फोन ठेवून सीवर्ट गल्ल्याकडे वळला. तिथे तुरीदकाकू उभ्या होत्या. निळ्याचा नाद सोडून त्यांनी आता सहा लाल गुंडे घेतले होते. बोर्गहिल्डबाईंनी ते बाजूला सरकवले, मशीनशेजारी दोरीला टांगलेला एक जुनाट पिवळा गुंडा हातात धरला आणि त्याच्यावरचा बारकोड मशीनला दाखवला. टिट. टिट. टिट. सहा वेळा.

"आई, काकू लाल लोकर घेतायत," सीवर्ट म्हणाला. त्याचा आवाज फारच बारीक झाला होता.

"दिसतंय की मला."

"मग पिवळा का दाखवतेस?"

"अरे, किंमत सगळ्यांची एकच आहे. प्रत्येक गुंड्याची चिठ्ठी शोधत बसले, तर रांग चर्चपर्यंत जाईल. याची चिठ्ठी कशी, कधी सुरकुतत नाही."

"हे कधीपासून?"

"मशीन आल्यापासून. अकरा वर्षं झाली की."

सीवर्टने खोक्यावरच बसकण मारली. म्हणजे फ्लोरोतल्या बायकांनी नेलेला एकूण एक निळा, लाल, हिरवा गुंडा मशीनच्या हिशेबी पिवळा होता! मशीनने इमानेइतबारे पिवळा संपला असं समजून गिरणीला कळवलं होतं. चोर नाही, काही नाही. आपली नोकरी गेली, दुकानही गेलं, असं त्याला स्वच्छ दिसायला लागलं. रडायचंच काय ते बाकी होतं. वेबसाइट बंद करून टाकावी म्हणून त्याने कॉम्प्युटर उघडला.

आणि पाहतो तर दोनशे अकरा नव्या मागण्या. सगळ्या पिवळ्याच्या!

झालं होतं असं, की गिरणीतून येणारे सहाशे गुंडे जमेला धरून मशीनने तो रंग आपल्या मनाने पहिल्या पानावर चढवला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सगळ्यांत जास्त खपलेला रंग, एका आठवड्यात चारशे गुंडे. आता एवढ्या बायका घेतायत म्हटल्यावर आपणच कशा मागे राहणार? त्यात ईस्टर म्हणजे घरात मेणबत्त्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं पिवळंच. ट्रोम्सोच्या एका बाईंनी नातवाला त्याची टोपी विणून फोटो टाकला. मग काय विचारता! ईस्टरच्या सुट्टीआधीच्या बुधवारी दुपारी सहाशेवा गुंडा पोस्टात पडला. नाराज गिऱ्हाईक एकही नाही.

पोस्टातून परतताना सीवर्टचे पाय जमिनीवर नव्हते. आईसमोर उभं राहून त्याने घसा खाकरला.

"मग आई, दुकान माझं ना?"

बोर्गहिल्डबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचे गाल लाल झाले होते. कित्येक वर्षांत ते असे कुणी पाहिले नव्हते.

"अरे, चाळीस वर्षं झाली मला इथे बसून. पण असा धंदा कधी पाहिला नव्हता. आत्ता कुठे मजा यायला लागली, आणि आत्ताच घरी जाऊन बसू? पंचाहत्तरीला बघू. तू मात्र राहा हं. पार्सलं बांधायला माणूस लागणारच आहे."

बर्गनच्या कचेरीत त्याच्या खुर्चीवर एव्हाना दुसरा कुणी बसला होता. सीवर्ट राहिला. जुने मित्र भेटले, की तो सांगतो, दुकान आता मीच सांभाळतो. आणि ते अगदीच खोटं नाही. पार्सलांना लावायची चिकटपट्टी कुठली घ्यायची, हे सर्वस्वी तोच ठरवतो.