भोईरअण्णांची तेलविहीर

आमच्या वरच्या मजल्यावरचे भोईरअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी कचऱ्याचा डबा बघतात. मधाची बाटली, चेपलेली टूथपेस्ट, तुपाची बरणी, काहीतरी उचलतात आणि सुतकी चेहऱ्यानं म्हणतात, "वहिनी, हे संपलेलं नाय. अडकलंय." ते जिन्यात दिसले की माझ्या सासूबाई डबा पलंगाखाली सरकवतात.

अण्णा मूळचे खालापूरकडचे, भातशेतीवाल्या घरातले. नोकरी सगळी गुजरातेत, तेलविहिरींच्या प्रयोगशाळेत. निवृत्त होऊन भिसेगावात फ्लॅट घेतला, काही महिन्यांत काकू गेल्या, आणि अण्णांनी गॅलरीत तेलविहीर काढली.

विहीर म्हणजे वाळू ठासलेला प्लॅस्टिकचा पाइप. त्यात गॅरेजमधलं डांबरासारखं जाड ऑइल मुरवलेलं. "जमिनीखाली असंच असतं," अण्णा सांगतात. "पंपानं येतं थोडंच. बाकीचं दगडाला चिकटून बसतं. त्याला गोडीगुलाबीनं सोडवायचं."

गोडीगुलाबी म्हणजे रिठ्याचं पाणी. मग तेल मागून ढकलायला गवारीच्या डिंकानं घट्ट केलेलं पाणी, कारण "नुसतं पाणी आगाऊ हाय, तेलाला मागं टाकून एकटंच पळतं." शिवाय तेल आणि दगड यांच्यामध्ये शिरायला भाताच्या तुसाची राख. ती ॲसिडात उकळून, भाजून, खलून इतकी बारीक केलेली की कण डोळ्याला दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून अण्णा ते आम्हाला पुन्हापुन्हा दाखवतात.

रिठे आणून देते ठाकरवाडीची जनाबाई. एकदा पोतं टेकवून तिनं अण्णांच्या टकलाकडे नीट बघितलं. "केस नायत, न् रिठं पोतंभर?"

"दगडाला न्हाऊ घालतो गं!" अण्णा म्हणाले. तेव्हापासून ती पोतं दारात ठेवते आणि लांब उभी राहते.

एका सकाळी अण्णांनी उरलेलं रिठ्याचं पाणी मोरीत ओतलं आणि आमच्या बाथरूममधून सासूबाई ओरडत आल्या, "अगं, आत ढग शिरलाय!" फेस जाळीतून उसळत गुडघ्यापर्यंत चढला होता. मी वर गेले, तर अण्णांनी विचारलं, "फेस किती वेळ टिकला?"

सोसायटीचे अध्यक्ष पाटीलसाहेब समज द्यायला आले, तेही पांढऱ्या सदऱ्यात. अण्णांना वाटलं, प्रयोग बघायला आले. त्यांनी उत्साहानं सायकलचा पंप मारला. पाइपाचा जोड सुटला आणि पाटीलसाहेबांच्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत काळंकुळकुळीत जानवं उमटलं.

"हलू नका!" अण्णा चमचा घेऊन धावले. "मोजून घातलेलं तेल हाय!" आणि सदऱ्यावरून तेल खरवडून मापात भरू लागले.

सोसायटीनं बजावलं, आता एकच प्रयोग, मग विहीर बंद.

त्या रविवारी आम्ही सगळे गॅलरीत जमलो. जनाबाईसुद्धा लांबून बघत होती. अण्णांनी रिठा सोडला, राख सोडली, डिंकाचं पाणी हळूहळू ढकललं. पाइपाच्या तोंडाशी काळा थेंब आला, मग धार लागली. भांडं जवळजवळ भरलं. पाटीलसाहेबांनीही टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी मात्र भांड्याकडे असं बघितलं, की जणू दूध नासलंय.

दुपारी मी शिरा घेऊन वर गेले, तर ते तसेच बसलेले. म्हटलं, "अण्णा, जिंकलात की!"

"हां," ते म्हणाले. "पण आता परशाशी काय बोलू?"

परशा त्यांचा मुलगा, आखातातल्या तेलविहिरीवर इंजिनीअर. दर रविवारी त्याचा फोन येतो. आई होती तोवर बोलणं तिच्याशीच व्हायचं. ती गेल्यावर 'जेवलात?' 'जेवलो' एवढ्यात बापलेकांचं बोलणं संपायचं. मग एकदा अण्णांनी जाड तेलाबद्दल काहीतरी विचारलं, आणि मुलगा बराच वेळ बोलला.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांचे हात तेलाचे, म्हणून मीच उचलून स्पीकरवर टाकला.

"अण्णा, निघालं का तेल?"

अण्णांनी समोरच्या भांड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, आणि काळं बोट ओठांवर ठेवलं.

"नाय रं. परत तुंबलं."

"अहो, डिंक जास्त पडला असणार! थांबा, मी सुरुवातीपासून सांगतो."

अण्णांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. मला काय घाई नाय."