टॉनिकचा वाटा

झिलूचं वजन वाढलं, आणि डॉक्टरीण ताराबाईंनी काटा पुन्हा तपासून पाहिला.

सुप्याच्या बालदवाखान्यात त्या एका नव्या टॉनिकची परीक्षा घेत होत्या. गुंद गावातल्या अर्ध्या पोरांना लाल दोऱ्याची बाटली, म्हणजे टॉनिक; उरलेल्यांना निळ्या दोऱ्याची, म्हणजे नुसता रंगवलेला साखरपाक. आयांना हे समजावून सांगितलं होतं. कुठल्या दोऱ्यात काय, तेवढं गुपित. लाल पोरं निळ्यांहून गुटगुटीत झाली, तर बेळगावचे मोठे डॉक्टर साऱ्या तालुक्याला टॉनिक मंजूर करणार होते. नाही तर खोकी परत.

झिलू निळा होता. त्याच्यामागून काट्यावर बसलेला लाल लखूही तितकाच फुगला होता.

ताराबाईंनी झिलूच्या आईला विचारलं, "केशर, ह्याला बाटली कुठली पाजलीस?"

"कुठली म्हंजे? सगळ्या."

"सगळ्या?"

"मडक्यात वतल्या, ढवळल्या, पळी पळी वाटल्या. लखूच्या आयनं लाल घिऊन बसायचं, आनि आमी निळ्याकडं बघत बसायचं व्हय?"

गावचा म्होरक्या कान्हू दारातूनच म्हणाला, "अक्का, रानात डुक्कर पडलं तर गोळी मारनाऱ्याला आनि नुसती हाळी देनाऱ्याला सारखाच वाटा. औषध काय डुकरापरास मोठं हाय?"

ताराबाईंनी कपाळाला हात लावला. मग नवा बेत केला: गुंदला सगळं टॉनिक, नंदिगड्ड्याला सगळा साखरपाक. मधे एवढं रान. मडकं काही तिथवर पोचायचं नाही.

पोचलं. पुढच्या वजनाला नंदिगड्ड्याची काशी पोराला काखेत घेऊन धापा टाकत आली. "बाई, ह्याला आता उचलवत न्हाई वो!"

"तुला गुंदचं औषध दिलं कुणी?"

"म्हायेर हाय माजं! सोयऱ्यांचा वाटा नगो व्हय धाडायला? आमीबी आमचा पाक धाडला. फुकट न्हाई खाल्लं!"

शेवटी मोठे डॉक्टर जीप घेऊन थेट गुंदलाच आले. कान्हूच्या अंगणात दोन्ही गावांच्या टम्म पोरांची रांग लागली होती.

"वा! यातली साखरपाकाची कुठली?"

"सगळीच," ताराबाई म्हणाल्या.

"आणि टॉनिकची?"

"तीच."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुलनेला काही उरलंच नाही. पोरं औषधानं फुगली की सुगीच्या भातानं, कसं सांगू? खोकी परत न्यावी लागतील."

"एक संधी द्या," ताराबाई काकुळतीला आल्या. "यांचं सोयरं नसलेलं गाव शोधते. कान्हू, रामनगर?"

"भन दिलिया तितं."

"खानापूर?"

"धाकट्या सुनंचं म्हायेर."

"बेळगाव?" डॉक्टरांनी विचारलं.

कान्हूनं बराच वेळ डोकं खाजवलं. "बेळगावात आमचं कोन न्हाई बा."

ठरलं! खोकी इथंच राहतील. साखरपाक बेळगावात, डॉक्टरांच्याच दवाखान्यातल्या पोरांना. ताराबाईंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरही खुशीत येऊन पंगतीला बसले, केशरच्या हातची भाकरी दोनदा मागून घेतली.

जीप सुरू झाली तेव्हा ताराबाईंना मागच्या बाकावर केळीच्या पानानं तोंड बांधलेलं मडकं दिसलं.

"कान्हू! ते काय?"

"बेळगावच्या पोरांचा वाटा. डाक्टर आमच्या पंगतीला जेवलं न्हवं? आता सोयरंच की!"

ताराबाई धावल्या, पण जीप वळणाआड गेली होती. केशर त्यांच्याही पुढं धावत होती, पदर खोचून ओरडत, "वो पाव्हणं! मडकं तेवडं परत धाडा!"