कासवाच्या कानाचं अंतर

मुलांनो, हलू नका. एका जंगलात कायदा चांगला होता. कोठडीतल्या प्राण्याला आपल्या वकिलाशी एकांतात बोलता येई. पहारेकऱ्याने दिसेल इतक्या जवळ, पण ऐकू येणार नाही इतक्या लांब उभं राहायचं.

हे अंतर ठरवायला कोतवाल लांडग्याने म्हाताऱ्या कासवाला बोलावलं. कासव ठार बहिरं. कोठडीच्या दाराशीच त्याला काही ऐकू येईना. तिथेच दगड पुरला.

मग पहाऱ्यावर सशाला नेमलं.

एकदा त्या कोठडीत साळिंदर आलं. राजाच्या मळ्यातली रताळी उकरल्याचा आरोप. शाबीत झाला तर अंगावरचे सगळे काटे उपटणार. काट्यांविना साळिंदर जंगलात जगत नाही.

त्याची वकील होती घोरपड. साळिंदर तिला हळूच म्हणालं, "वकीलबाई, त्या वेळी मी ओढ्यापलीकडे होतो. मुंगसाने पाहिलंय. पण सुनावणीआधी त्याचं नाव फुटू देऊ नका. कोतवाल त्याला गाठेल."

"माझ्या तोंडून जाणार नाही," घोरपड म्हणाली. गेलंही नाही.

ससा दगडापाशी पाठ करून उभा होता. प्रामाणिक प्राणी. लांडग्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "साहेब, नियमाप्रमाणे मला काही ऐकू आलेलं नाही. जे ऐकू आलं नाही, ते सांगू का?"

"सांग. मी तरी कुठे ऐकतोय?"

सुनावणीला मुंगूस लंगडत आलं. आपण तो ओढा कधी पाहिलाच नाही, म्हणालं. घोरपडीने तक्रार केली की आमचं बोलणं कोणीतरी ऐकलं. न्यायाधीश वाघाने दगड जागेवर आहे का, ते पाहून यायला सांगितलं. दगड जागेवर होता. तक्रार निकाली निघाली. साळिंदराला शिक्षा झाली.

अपिलाआधी वकिलाशी पुन्हा बोलायची मुभा मिळाली. कायदा चांगला होता, हे मी सांगितलंच.

दोघं समोरासमोर बसली. सशाच्या कानांकडे पाहत राहिली. ऊन कलेपर्यंत एक शब्द बोलली नाहीत.

सशाने तसं कळवलं. लांडग्याने वर कळवलं, "आरोपीकडे वकिलाला सांगण्यासारखंसुद्धा काही नाही."

अपील फेटाळलं. संध्याकाळी काटे उपटले.

तात्पर्य : कोठडीत वकिलाशी एकांतात बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शहाण्याने तो वापरू नये, आणि न वापरण्याची चूकही करू नये.