वासूदादांचा काटा

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी वासूदादांनी मला रस्त्यात थांबवलं आणि माझं दप्तर काट्याच्या हुकाला अडकवलं.

“दोनच किलो! येवढ्यान पास होतलंस?”

वासूदादा आमचे शेजारी. तारकर्लीत मासे विकतात. खिशात रुमाल नसेल, पण खांद्याला तो लटकणारा काटा असतोच. फणस, गॅसची टाकी, आमचं मांजर, सगळं त्यांनी जोखलंय. कुणी वाद घातला की म्हणतात, “पयलां जोख, मगे बोल.”

पण माणूस चोख. बांगडे जोखण्याआधी रिकामी टोपली जोखणार, तिचं वजन वजा करणार. बर्फाचं पाणीसुद्धा निथळू देतात. “पाणी इकूक मी काय टँकर चालवतंय?”

लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना मुलगी झाली, चिमी. ती चार महिन्यांची असताना तिची आई तापाने गेली. आता घरात ही दोघंच. रोज सकाळी ते चिमीला साडीच्या झोळीत घालून काट्याला टांगतात, आणि आकडा मोठ्याने वाचतात. ऐकायला कुणी नसतं. आमच्या पडवीत ऐकू येतं, एवढंच.

नऊ महिने भरले तशी गोवराची लस आली. चिमी वयाच्या मानाने फारच बारीक. दोन वेळा त्यांनी लसीचा दिवस चुकवला. तिसऱ्या वेळी तिला झोळीत गुंडाळून माझ्या दारात आले.

“तू शिकलेलां चेडू. सांग, अर्ध्या चेडवाक पुरी लस सोसतली?”

शिकलेली मुलगी म्हणजे मी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. आमच्या घरात मीच पहिली कॉलेजात गेले, त्यामुळे सगळे मलाच विचारतात. “माका ठाऊक नाय, दादानू,” मी म्हटलं, “पण विचारूया.” आणि सोबत गेले.

अंगणवाडीत सिस्टरनी चिमीला झोळीतून काढून जोखलं. “सहा किलो शंभर.”

वासूदादा उसळले. “सकाळी माझ्या काट्यार साडेसहा होती! चेडू सुकलां. आज लस नको. नायतर अर्धी दिया.”

“काका, लस म्हणजे बांगडे नव्हेत, किलोवर द्यायला. ती वयावर ठरते. बारीक बाळालाही पुरीच देतात. अर्धी पुरेल याची खात्री नाही, आणि गोवर झाला तर बारीक बाळालाच जड जातो.”

त्यांनी चिमीला छातीशी धरलं आणि दाराकडे वळले. मी घाबरत विचारलं, “दादानू, सकाळी साडी वजा केलीत?”

ते थांबले.

सिस्टर हसल्या. “मासेवाले ना तुम्ही? टोपली विसरलात?”

“इसारलंय नाय.” त्यांनी टेबलावरची साडी उचलली. “तिच्या आवशीची साडी. वजा कशी करू गो? घरात तिचां तेवढांच रवलां.”

आईची साडी म्हटल्यावर सिस्टर हसायच्या थांबल्या. वासूदादा स्टुलावर बसले. चिमीचा दंड त्यांनी स्वतःच पुढे केला. “पुरी दिया.”

परतताना त्यांनी चिमीला माझ्या कडेवर दिलं. साडीची नीट घडी केली आणि ती मात्र स्वतःकडेच ठेवली.